छत्री नेमकी कुठे होती?

बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीचा नियम एकच होता, पण तो खिडकीच्या गजांइतका पक्का. वस्तू माझी आहे असं सांगून ती मिळत नसे. ती नेमकी कुठे राहिली ते सांगावं लागे. कंडक्टरनं वस्तू आणून दिली की ती कुठे सापडली ते नोंदवहीत लिहायचं. मालक धापा टाकत आला की शांतपणे विचारायचं, "कुठे ठेवली होतीत?" त्याचं बोलणं आणि वहीतली नोंद जुळली, तर सही करा आणि घेऊन जा. नाही जुळली, तर समोरच्या बाकावर बसा आणि आठवा.

त्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळा डेपो खिडकीवाल्या बाई म्हणायचा. आपण नुसतं बाई म्हणू. बाई स्वभावानं मऊ, पण नियमाला कडक. एक आजोबा आपली कवळी न्यायला तीन दिवस रोज खेपा घालत होते. कवळी कुठे राहिली ते त्यांना पहिल्याच दिवशी आठवलं होतं. पण कवळीशिवाय ते काय बोलताहेत, ते बाईंना तिसऱ्या दिवशी कळलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना डेपोत नवा साहेब आला. आठवड्याभरात त्याचं नाव टाचणीसाहेब पडलं. कागद दिसला की तो दुसऱ्या कागदाला टोचायचा आणि माणूस दिसला की माणसाला. आल्या आल्या त्यानं परिपत्रक काढलं. यापुढे खिडक्यांवरच्या सगळ्या नोंदी इंग्रजीत. नोंदी करणाऱ्यांची तीन आठवड्यांनी परीक्षा, विषय 'वस्तूचे स्थान'. नापास होणाऱ्याची बदली टोकाच्या डेपोत.

टोकाचा डेपो म्हणजे दोन बस बदलून पुढे पंधरा मिनिटं चाल. बाईंनी बोटांवर हिशेब मांडला. घरून सहाला निघायचं, परत यायला साडेआठ. त्यांची दीड वर्षाची लेक भिंगरी सातला उठायची आणि आठला झोपायची. म्हणजे यापुढे आई आणि लेक यांची गाठ पडणार ती दोघींपैकी एक झोपेत असताना. आणि भिंगरीनं तर आत्ता कुठे 'आई' हा शब्द पाणी, चप्पल आणि कावळा यांच्याशिवाय प्रत्यक्ष आईसाठीही वापरायला सुरुवात केली होती.

"नापास व्हायचं नाही," बाईंनी परिपत्रकाची घडी करता करता स्वतःला बजावलं.

तसं इंग्रजीचं त्यांना भय नव्हतं. अंब्रेला, टिफिन, स्वेटर, सूटकेस असे सगळे भारदस्त शब्द त्यांना येत होते. भय होतं ते इन, ऑन आणि ॲट या तीन फुटकळ शब्दांचं. पाहुण्यांच्या घरी मोठी माणसं नीट वागतात आणि पोरं सोफ्यावर उड्या मारतात, तसं होतं ते. पुस्तकात लिहिलं होतं की माणूस कारमध्ये बसला तर इन, पण बसमध्ये बसला तर ऑन. बाईंनी हे तीनदा वाचलं. अहो, बसमध्ये माणूस आतच बसतो! ऑन म्हटलं तर टपावर बसलेला कुठे जाईल? आणि टपावर कोणी बसायचं नाही, असं तर डेपोतल्या प्रत्येक भिंतीवर लिहिलं होतं.

"तू सगळीकडे इन लिही," नवऱ्यानं दाढी करता करता सल्ला दिला. "विसातले सात तरी बरोबर येतील."

"अहो, पास व्हायला बारा लागतात."

"मग सगळीकडे ऑन लिही," असं म्हणून तो अंघोळीला गेला. गुंतागुंतीचे प्रश्न असे सोडवण्याबद्दल त्याची त्याच्या ऑफिसातही ख्याती होती.

वरच्या मजल्यावर एक सर शिकवण्या घेत. बाई वही घेऊन त्यांच्याकडे गेल्या. सरांनी चष्मा पुसला आणि एका वाक्यात विषय संपवला. "ॲट म्हणजे टाचणी, ऑन म्हणजे टेबल, इन म्हणजे खोका. ठिपका, पृष्ठभाग आणि पोकळी. झालं."

"आणि खुर्ची, सर?"

"साधी खुर्ची ऑन. आरामखुर्ची इन."

"साध्या खुर्चीला हात असले तर?"

सर थोडा वेळ स्वतःच्या खुर्चीच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांना एकाएकी दुसरी शिकवणी आठवली. त्या दिवसापासून ते जिन्यात बाई दिसल्या की उभ्या उभ्याच बोलत.

समोरच्या दारातल्या वहिनींनी मात्र खात्रीचा उपाय सांगितला. "घरभर चिठ्ठ्या चिकटव. जी वस्तू जिथे, तिथलं इंग्रजी तिच्या अंगावर. माझ्या मावसबहिणीनं चिकटवल्या होत्या. आज परदेशात आहे."

"इंग्रजीमुळे?"

"नाही गं, नवऱ्यामुळे. पण चिठ्ठ्या होत्या."

चिठ्ठ्यांचं हे सासऱ्यांच्या कानावर गेलं आणि इथून खरी वाट लागली. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नाना चौतीस वर्षं एका कारखान्याच्या भांडारात होते. तिथून त्यांच्या हाताखालून नोंद झाल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा बाहेर गेला नव्हता. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांच्याकडे नोंद करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती चार वर्षं त्यांनी कशी काढली असतील, हे त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून बाईंना कळलं. नानांनी माळ्यावरून दोनशे पानी नोंदवही काढली, फुंकर मारली, आणि धुळीतून प्रकट झाल्यासारखे म्हणाले, "सूनबाई, नुसत्या चिठ्ठ्यांनी काय होतंय! पद्धत पाहिजे. तुमच्या खिडकीची जी पद्धत, तीच घरात लागू. वस्तू हवी असेल त्यानं ती कुठे आहे ते इंग्रजीत सांगायचं. वहीशी जुळलं तर मिळेल."

रात्री भिंगरी झोपली की तासभर बसून बाई चिठ्ठ्या लिहीत. दोन दिवसांत घर कागदानं भरलं. घड्याळ ऑन द वॉल. बादली इन द बाथरूम. चपला ॲट द डोअर. पलंगाखालची ट्रंक अंडर द बेड. नानांची खिडकीजवळची खुर्ची ॲट द विंडो. एका चिठ्ठीवरून मात्र दोन दिवस वाद झाला. छताला माशी बसली होती. नाना म्हणाले, ती छताच्या खाली आहे, तेव्हा अंडर. पुस्तक म्हणालं, ऑन. नानांनी मान उंच करून माशीकडे पाहिलं आणि निर्णय दिला की पुस्तक लिहिणारा बहुतेक उलटा लटकलेला असावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा टॉवेल गुंडाळून नानांच्या टेबलासमोर उभा होता.

"माझी पँट."

"कुठे आहे?"

"नाना, दोरीवर आहे. मला दिसतेय."

"इंग्रजीत."

"इन द दोरी."

"बाकावर बसा."

"बाक कुठाय आपल्याकडे?"

"मग पलंगावर बसा आणि आठवा. पुढचा कोण?"

पुढचं कोणी नव्हतं, पण नानांची सवय. नवरा त्या दिवशी पस्तीस मिनिटं उशिरा ऑफिसात पोचला आणि उशिराचं कारण म्हणून त्यानं 'घरगुती' असं लिहिलं. एवढं खरं कारण त्यानं आजवर कधी लिहिलं नव्हतं.

सासूबाईंनी मात्र पहिल्या दिवसापासून असहकार पुकारला. "माझ्या स्वयंपाकघरात काय कुठे आहे ते माझ्या हाताला माहीत आहे. आणि माझा हात इंग्रजी बोलत नाही." नानांनी नियमावर बोट ठेवून चहाची गाळणी जप्त केली. सासूबाईंनी चहा बंद केला. नानांनी दीड दिवस दम धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते चष्मा शोधत बाहेर आले, तर टेबलाशी सासूबाई बसलेल्या, समोर नोंदवही उघडी.

"माझा चष्मा पाहिलास?"

"नोंद झाली आहे. कुठे ठेवला होतात?"

"ऑन द टेबल."

"नाही."

"इन द पाकीट."

"नाही. बसा आणि आठवा."

नानांनी घरातल्या झाडून सगळ्या जागा सांगून पाहिल्या. चष्मा तेवढा वेळ त्यांच्या कपाळावर बसून सगळं ऐकत होता. शेवटी गाळणी परत मिळाली, चष्मा खाली नाकावर आला, आणि स्वयंपाकघर नोंदवहीतून वगळण्यात आलं. तहाच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या.

पण या सगळ्यापेक्षा मोठं संकट जमिनीपासून दीड हातावर चालत होतं. भिंगरीला शोध लागला होता की चिठ्ठी सोलता येते. आणि सोललेली चिठ्ठी चिकटवताही येते. तिनं 'ऑन द वॉल' बादलीला लावलं, 'इन द बाथरूम' घड्याळाला. नाना एका रविवारी सकाळी बाजारात जाऊन आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "आज लोक फार कौतुकानं बघत होते. एकानं तर वाकून पाहिलं." त्यांच्या पाठीवर 'अंडर द बेड' होतं.

बाईंनी हळूच ती चिठ्ठी काढली आणि मुठीत धरून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. परीक्षा तीन दिवसांवर आली होती. घर वेड्यांचा बाजार झालं होतं आणि त्यांना अजून खुर्चीचं कळलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात झोपेतून उठलेली भिंगरी गाल लाल, केस उभे, अशी येऊन दाराची कड धरून उभी राहिली. बाईंनी हात पुढे केले, तिला कडेवर घेतलं, आणि ती कुरकुरायला लागली तसं कुशीत ओढलं.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या म्हणाल्या, "आत्ता ती कुठे होती गं?"

"कोण?"

"ही तुझी भिंगरी."

"दाराशी."

"मग?"

"कडेवर."

"आणि आता?"

"कुशीत."

"दाराशी, कडेवर, कुशीत," सासूबाईंनी तीन घड्या एकावर एक ठेवल्या. "चुकलीस का एकदा तरी? हे तुला कुठल्या सरांनी शिकवलं? वस्तूकडे बघायचं, पोरी. पुस्तकाकडे नाही. ती दाराला टेकून उभी आहे, अंगावर बसली आहे, की आत शिरली आहे, एवढंच बघायचं."

"आणि बसमध्ये? तिथे ऑन म्हणतात."

"बसचं मला विचारू नकोस. मी चालत जाते."

बाई रडता रडता हसल्या. भिंगरीनं त्यांच्या गालावरचं पाणी बोटानं पुसलं, नीट पाहिलं, आणि त्याला 'आई' असं नाव दिलं.

परीक्षेला तिघं होते. बाई, मासिक पासच्या खिडकीवरचा दाढीवाला, आणि चौकशीच्या खिडकीवरचे काका. काकांनी तीस वर्षं प्रत्येक प्रश्नाला 'समोर विचारा' एवढंच उत्तर दिलं होतं आणि निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते. टाचणीसाहेबानं परीक्षा प्रत्यक्ष घ्यायची ठरवली होती. दुरुस्तीच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बसमध्ये त्यानं पहाटे स्वतःच्या हातानं वीस वस्तू मांडल्या. सीटवर छत्री, फळीवर पिशवी, पायरीपाशी चेंडू, ड्रायव्हरच्या मागे डबा, असं. वीस उत्तरं निळ्या फायलीत लिहून ती काखेत मारली. आता डेपोत बस वापरायची तर त्यासाठी मागणीपत्र लागतं, त्यावर तीन सह्या लागतात. दुसऱ्यांच्या बाबतीत साहेबानं चौथीही मागितली असती. स्वतःच्या बाबतीत त्याला वाटलं, तासाभराचं तर काम आहे.

"एक तास वेळ," तिघं आत बसल्यावर साहेब म्हणाला. "जी वस्तू जिथे दिसेल तिथलं इंग्रजीत लिहा. बोलायचं नाही."

तेवढ्यात ड्रायव्हर चढला. त्याला फळ्यावर ही बस दिली होती, कारण ती आदल्याच दिवशी दुरुस्त झाली होती. गाडीत माणसं बसली आहेत आणि एक जण हातात घड्याळ धरून उभा आहे, एवढं त्याला पुरेसं होतं. बस सुरू झाली. मागून कंडक्टरनं पळत येऊन पायरी पकडली आणि साहेबाला पाहून कडक सलाम ठोकला. "तपासणीला आलात का, साहेब? बसा ना!"

साहेबानं तोंड उघडलं. थांबवा म्हणावं, तर बस इथे कशी ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की मागणीपत्र कुठाय हा प्रश्न. साहेबानं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडून अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाला, "हो, तपासणीच. चालू द्या." आणि मटकन बसला.

पहिल्या थांब्यावर अकरा माणसं चढली. एक लठ्ठ गृहस्थ थेट छत्रीवर बसले. बाईंनी 'ऑन द सीट' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि गृहस्थांकडे नीट पाहून 'अंडर अ जंटलमन' असं लिहिलं. दुसऱ्या थांब्यावर एका आजींनी फळीवरची पिशवी काढून मांडीवर घेतली, आतले स्वेटर बघितले, आणि आवडले नाहीत म्हणून शेजारच्या सीटवर ठेवले. बाईंनी खोडलं आणि लिहिलं. चेंडू पायरीवरून सुटला. तो वळणावर डावीकडे जाई, उताराला पुढे येई, आणि एक लहान मुलगी त्याला दर वेळी टाळ्या वाजवून निरोप देई. बाईंनी चेंडूपुढे वेळा टाकायला सुरुवात केली. दहा वाजून बारा मिनिटं, बिहाइंड द ड्रायव्हर. दहा चौदा, अंडर काका. दहा पंधरा, ॲट द डोअर.

दाढीवाल्याचं एव्हाना सगळं लिहून झालं होतं. तो खिडकीबाहेर बघत होता. काका झोपले होते.

"बाई, हे काय चाललंय?" साहेब दबक्या आवाजात ओरडला. "सारखं काय खोडताय?"

"साहेब, छत्री हलली."

"वस्तूंकडे काय बघताय? पेपर सोडवा!"

"साहेब, प्रश्नच तो आहे. कुठे आहे ते लिहा म्हणून."

"जिथे मी ठेवली तिथलं लिहायचं!"

"पण ती तिथे नाहीये," बाई कळवळून म्हणाल्या. गेल्या दीड वर्षात एकही वस्तू ठेवली तिथे राहिल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. चमचे वॉशिंग मशिनमध्ये, किल्ल्या बुटात आणि साबण तांदळाच्या डब्यात शोधायची त्यांच्या डोळ्यांना सवय झाली होती. हलणाऱ्या बसमध्ये हलणाऱ्या वस्तू म्हणजे त्यांना अगदी घरच्यासारखं वाटत होतं. आणि हात थांबत नव्हता. तीन आठवडे ज्यांनी छळलं ते तिन्ही शब्द आता बोलावल्यासारखे येत होते. दाराशी, अंगावर, आत. बघायचं आणि लिहायचं.

एव्हाना साहेबाचं लक्ष उडालं होतं, कारण त्याची निळी फाइल सापडत नव्हती. त्यानं पुढच्या सीटखाली पाहिलं, मागच्या सीटमागे पाहिलं, फळीवर चाचपलं. दर वेळी पुन्हा जागेवर येऊन बसे आणि घाम पुसे. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण बोलायचं नाही, असा नियम होता. त्यांनी पेपरच्या तळाशी एकविसावी ओळ लिहिली.

शेवटच्या थांब्यावर लठ्ठ गृहस्थ उठले, बसायला काहीतरी बोचत होतं ते काय म्हणून वळून पाहिलं, आणि छत्री आपलीच समजून घेऊन चालू लागले. साहेब उतरून त्यांच्यामागे धावला. काका जागे झाले आणि त्यांनी विचारलं, "आलं का?" बाईंनी तिघांचे पेपर गोळा केले आणि डेपोत परतल्यावर साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टर बाईंच्या खिडकीशी मोठं पोतं घेऊन आला. काल एकाच फेरीत एवढ्या वस्तू लोक विसरले, असं त्याच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. डबा, पिशवी, चेंडू, मोडकं हँडल असलेला कुकर. आणि सगळ्यांत खाली निळी फाइल. ती फेरीभर कुठे होती ते कंडक्टरनं सांगितलं, बाईंनी नोंदवहीत लिहिलं. नंतर अर्ध्या तासानं खिडकीशी टाचणीसाहेब उभा राहिला.

"माझी फाइल आली आहे का?"

"आली आहे, साहेब. कुठे ठेवली होतीत?"

"बाई, मी साहेब आहे."

"हो, साहेब. कुठे ठेवली होतीत? आणि परिपत्रकाप्रमाणे, साहेब, इंग्रजीत."

मागे रांगेत तीन जण होते. साहेबानं रांगेकडे पाहिलं. दुपारी बाराला वरच्या ऑफिसात निकाल पाठवायचा होता, आणि उत्तरं फायलीत होती.

"ऑन द बस," तो म्हणाला.

"बरोबर, साहेब. पण बस केवढी मोठी असते. बसमध्ये नेमकी कुठे?"

"ऑन द सीट."

"नाही."

"अंडर द सीट."

"नाही, साहेब."

"बिहाइंड द सीट सांगा," रांगेतला एक जण म्हणाला. त्याचा मफलर हरवला होता आणि तो उगाच ताटकळत होता.

"बिहाइंड द सीट!"

"नाही. साहेब, बाकावर बसता का? आठवेल."

टाचणीसाहेब बाकावर बसला. डेपोतली माणसं काही ना काही काम काढून तिथून जाऊ लागली. पंधरा मिनिटांनी त्याची ती पडलेली मान पाहून बाईंनाच राहवेना. कवळीवाल्या आजोबांना बघूनही त्यांना असंच झालं होतं. नोंद सांगायची नाही हा नियम. पण कुठे शोधायचं ते सांगू नये असं काही नियमात नव्हतं.

"साहेब," त्या गजांतून हळूच म्हणाल्या, "तुम्ही माझा पेपर वाचलात का?"

"उत्तरं नसताना वाचून काय करू?"

"एकदा वाचून बघा. शेवटची ओळ."

साहेब केबिनमध्ये गेला. परत आला तेव्हा हातात बाईंचा पेपर होता आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रांग आता सात जणांची झाली होती आणि त्यातल्या चौघांचं काहीच हरवलेलं नव्हतं.

"अंडर..." साहेब म्हणाला.

"जरा मोठ्यानं, साहेब."

"अंडर द साहेब," टाचणीसाहेब म्हणाला. "फ्रॉम डेपो टु लास्ट स्टॉप."

बाईंनी नोंदवही फिरवून त्याच्यापुढे धरली. अक्षर न् अक्षर जुळत होतं. बसताना फाइल खाली गेली होती, आणि त्या अख्ख्या फेरीत साहेबानं ती शोधली नव्हती अशी एकच जागा बसमध्ये होती. साहेबानं 'वस्तूचे स्थान बरोबर आढळले' या छापील ओळीखाली सही केली आणि फाइल घेतली. वळता वळता तो थबकला. पुन्हा त्या सहीकडे पाहिलं. उत्तरं त्याच्या हातात होती, आणि त्या उत्तरांप्रमाणे बाईंचे विसातले दोन बरोबर होते. पण खिडकीवाल्या बाईंना वस्तूचं स्थान इंग्रजीत अचूक लिहिता येतं, हे त्यानं आत्ताच सात साक्षीदारांसमोर शाईनं लिहून दिलं होतं.

"बाई," तो बराच वेळ फायलीला टाचणी टोचत राहून म्हणाला, "तो चेंडू. दहा चौदाला खरंच काकांच्या खाली होता?"

"हो, साहेब. दहा पंधराला दाराशी."

"पास," साहेब म्हणाला आणि निघून गेला. पुढच्या माणसाला मफलर मिळाला. त्याला तो कुठे होता ते पहिल्या फटक्यात आठवलं.

दाढीवाल्याचं प्रत्येक उत्तर साहेबाच्या फायलीशी जुळत होतं, तोही पास झाला. काकांनी पेपरवर एकच ओळ लिहिली होती, 'समोर विचारा.' निवृत्तीला आलेल्याची बदली करायला चार सह्या लागतात, म्हणून ते राहिले.

बाई साडेपाचला घरी आल्या. दार उघडंच होतं. भिंगरी दाराची कड धरून उभी होती, दिवसभर तिथेच असल्यासारखी. बाईंनी पिशवी टाकली, तिला उचलून कडेवर घेतलं आणि मग तशीच कुशीत ओढली.

"काय झालं?" नाना वही मिटून उठले. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. नवरा आज लवकर आला होता, तोही उठून उभा राहिला.

"सहाला निघायचं नाही," बाई भिंगरीच्या केसांत तोंड खुपसून म्हणाल्या. "नऊलाच."

नानांनी डोळे पुसायला चष्मा शोधला. तो नाकावरच होता. सासूबाई पुढे येऊन बाईंच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, आणि त्यांचा हात थांबला.

"अगं, हे काय पाठीवर? दिवसभर हे घेऊन बसली होतीस?"

सकाळी निघताना भिंगरीनं गळ्याला घट्ट मिठी मारली होती, ती कशाला ते आता कळलं. सासूबाई चिठ्ठी सोलायला लागल्या. नानांनी पुढे होऊन वाचलं. त्यांच्या खुर्चीचीच चिठ्ठी होती ती.

"ॲट द विंडो," ते म्हणाले, आणि त्यांनी सासूबाईंचा हात धरला. "काढू नकोस. नोंद बरोबर आहे."